काजलचा लॉट

चिखलीच्या एमआयडीसीत सुलभाताईंचा मसाल्याचा कारखाना होता आणि त्यातला पंखा कितीवर फिरवायचा, हेसुद्धा सुलभाताईंना विचारूनच ठरत असे. जोरात लावला तर मेतकूट उडतं, हळू लावला तर पॅकिंगच्या बायका घामेजून जातात. म्हणून ताईंनी रेग्युलेटरवर नेलपॉलिशचा लाल ठिपका देऊन ठेवला होता. ठिपक्याच्या पुढे जायची कुणाची छाती नव्हती. एकदा वायरमन पाणी प्यायला आत आला आणि त्याने सहज पंखा वाढवला, तर पॅकिंगच्या टेबलावरून मनकर्णाबाई ओरडल्या, "अरे बाबा, ठिपका पाह्य, ठिपका! आमच्या पोटावर पाय देतं का?"

पाकिटाचं सील नखाने ओढून पाहणं, मिरचीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालणं, गाडी कोणत्या अंगाने लावायची ते ड्रायव्हरला हातवारे करून सांगणं, सगळं ताईच करत. आणि चव. चव तर फक्त त्याच पाहत. चकलीच्या तयार पिठाचा लॉट निघाला की त्यातल्या मूठभर पिठाची चकली तळून त्यांच्यापुढे यायची. त्या डोळे मिटून खायच्या आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय एक पाकीट भरलं जायचं नाही.

हा नुसता वेडेपणा होता असं मात्र कुणी म्हणू नये. एका वर्षी अशाच पोत्यात हात घातला तर बोटं नको तितकी लाल निघाली. मिरचीला रंग चोळलेला होता. ताईंनी गाडी उभ्या उभ्या परत धाडली आणि तो सीझन अर्ध्या मालावर काढला. धाड गावापासून डोणगावपर्यंतचे दुकानदार त्यांचं पाकीट डोळे झाकून घेत, ते या कोपरापर्यंत गेलेल्या हातामुळे. नवरा अनंतराव, पंचायत समितीतून निवृत्त झालेले. ते म्हणत, "तुझी कंपनी म्हणजे कडेवरचं पोर झालंय, सुलभा. खाली ठेवशील तर चालेल ना ते."

"आणि पडलं म्हणजे?" ताई म्हणत, आणि विषय तिथेच मिटे.

मिटत नव्हता तो श्रद्धाचा विषय. श्रद्धा त्यांची एकुलती लेक, नाशिकला दिलेली. पहिल्या बाळंतपणाला ती रीतीप्रमाणे माहेरी आली होती. ताईंनी डिंकाचे लाडू वळले, खोलीला रंग दिला, पडदे शिवले, आणि नेमक्या कळा सुरू झाल्या त्या दिवशी मिरचीची गाडी दारात उभी राहिली. "तुम्ही व्हा पुढे, मी गाडी बघून आलेच," असं सांगून ताई गेल्या. अनंतराव एकटेच लेकीला घेऊन बुलडाण्याला दवाखान्यात गेले. ताई पोचल्या तेव्हा नातू जगात येऊन, रडून, दमून झोपलासुद्धा होता. श्रद्धाने बाळ त्यांच्याकडे दिलं नाही. "हात धुऊन ये, आई," एवढंच म्हणाली. ताईंनी हात धुतले, पुन्हा धुतले, तिसऱ्यांदा साबण लावला. मिरची अशी लवकर जात नाही.

आता दुसऱ्या खेपेचे दिवस भरत आले होते. डॉक्टरांनी कोजागरीच्या आसपासचं सांगितलं होतं. श्रद्धा फोनवर म्हणाली, "मी यावेळी तिकडे येत नाहीये. तूच ये इकडे. जमलं तर." ते 'जमलं तर' ताईंच्या कानात कुसळासारखं अडकून बसलं. दसरा ते दिवाळी म्हणजे चकलीच्या पिठाचा खरा हंगाम. जायचं तर कारखाना कुणाच्या तरी हवाली करायला हवा होता, आणि हवाली करण्याजोगं माणूस एकच होतं, काजल.

काजल धाड गावची. लग्न होऊन चिखलीत आली आणि पॅकिंगला लागली. एक दिवस पाकिटं भरता भरताच तिने नाक वर केलं आणि म्हणाली, "उडीद करपून राह्यला." भट्टी पार मागच्या शेडमध्ये. ताई धावत गेल्या तर खरंच कढईच्या बुडाला उडीद लागत होता. त्या दिवसापासून त्यांनी काजलला हाताखाली घेतलं. तांदूळ कितपत फुलू द्यायचा, धने कधी उतरवायचे, मीठ-तिखटाचं माप, सगळं शिकवलं. फक्त शिकवताना स्वतः बाजूला उभ्या राहायच्या, आणि पोरीने झारा उचलला की "थांब" म्हणायच्या. थांब, जरा अजून. थांब, आता. काजल इतकं थांबायला शिकली की ताईंचा शब्द यायच्या आधीच तिचा हात हवेत थांबलेला असायचा. ताईंना त्याचं कौतुक वाटायचं. किती ऐकते पोरगी!

घटस्थापनेच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना मिक्सरपाशी जमवलं. "आजपासून माल काजल काढणार. मी केबिनमध्ये बसणार. मला कुणी काही विचारायचं नाही."

मनकर्णाबाईंनी पदर सावरत विचारलं, "मंग ताई, पंखा?"

बायका खदखदल्या. ताईही हसल्या. काजल तेवढी हसली नाही. ती ताईंच्या तोंडाकडे बघत राहिली, खरं बोलताहेत की कसं, ते चाचपत.

दरवर्षी चकलीचं पीठ घट बसायच्या आत तयार होऊन जायचं आणि नवरात्रात नुसतं पॅकिंग चालायचं. कारण ताईंचे नऊ दिवस कडक उपास. शेंगदाणा, भगर आणि चहा. चकलीचा तुकडा जिभेवर ठेवला तरी उपास मोडला. पॅकिंगच्या बायकांचंही तेच. त्या त्या दिवसाच्या रंगाची साडी नेसून, पोटात साबुदाणा घालून बिचाऱ्या पाकिटं भरायच्या. यंदा मात्र मागणी अशी आली की आधी केलेलं पीठ पहिल्या माळेलाच संपलं. नवा लॉट उपासातच लावावा लागणार होता.

मिक्सरवर धम्मरत्न होता. त्याच्या घरी नवरात्र नव्हतं. तो म्हणाला, "ताई, नऊ दिवस माह्या जिभेले कामावर घ्या. तिले पगार नोको, चकल्या द्या फक्त."

"तू आपलं मशीन सांभाळ रे बाबा," ताई हसून म्हणाल्या. "यंदा चकलीचा काटा बघून आणि वास घेऊनच पास करू."

"बरं," धम्मरत्न म्हणाला आणि मिक्सरची कडा फडक्याने पुसू लागला. कडा पुसलेलीच होती.

ताईंना तेव्हा त्यात काही वाटलं नाही. नंतर पुष्कळ वाटलं. त्याच्या जागी, उपास नसलेल्या, मनकर्णाबाई असत्या तर त्यांच्या जिभेवर आपण भरवसा ठेवला असता का, असं त्यांनी पुढे एकदा स्वतःला विचारलं, आणि आलेलं उत्तर त्यांना आवडलं नाही.

तर काजलचा लॉट लागला. ताई केबिनमध्ये बसल्या. केबिनला काच होती, हीच मुळात चूक. त्यांनी पेनं एका रेषेत लावली, कॅलेंडर सरळ केलं, श्रद्धाला फोन करून पायांना सूज आहे का विचारलं. मग काच पुसायला घेतली, म्हणजे बाहेर बघायला निमित्त झालं. बाहेर काजल कामात होती. दळलेली भाजणी मिक्सरमध्ये पडत होती. छान चाललं होतं. छान चाललं होतं हेच बघवत नव्हतं.

तेवढ्यात रिकाम्या पाकिटांचे रोल घेऊन टेम्पो आला आणि काजल गेटकडे गेली. धम्मरत्न तीळ आणायला गोदामात. ताई पाणी प्यायला उठल्या. टेबलावर भरलेली बाटली होती, तरी उठल्या. मिक्सरपाशी आल्या. बाजूला मिठाचं पोतं उभं होतं. तोंड शिवलेलं. टाका जागचा हललेला नाही. म्हणजे पोरगी मीठ विसरली.

एक हाक मारायची होती, "काजल, मीठ?" बस. गेट काही लांब नव्हतं. पण त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलेलं, मी मध्ये पडणार नाही. आणि पहिल्याच लॉटला पोरीची चूक चारचौघांत निघावी? नको. तिची मान खाली जायला नको. ताईंनी मायेने, अगदी मायेनेच, पोत्याचा टाका कापला, मापाने मीठ घेतलं, मिक्सरमध्ये सोडलं, झाकण लावलं आणि पदराला हात पुसत केबिनमध्ये येऊन बसल्या. काही बोलायचंच नाही, असं त्यांनी ठरवलं. आज आपण फार शहाण्यासारखं वागलो, असं वाटून त्यांना बरंही वाटलं.

संध्याकाळी चकली तळून आली. काटा सुरेख, रंग बदामी. ताईंनी ती कानापाशी मोडली, कुडुम वाजली. बायकांनी वास घेऊन "अगंबाई, काय वास आहे" असं आपापल्या रिकाम्या पोटाने म्हटलं. मग धम्मरत्नने तुकडा तोंडात टाकला. चावला. थांबला. काजलकडे बघितलं, ताईंकडे बघितलं.

"कशी आहे रे?" ताईंनी विचारलं.

"चांगली हाय," तो म्हणाला आणि माठाकडे गेला.

लॉट पास झाला. दुसऱ्या दिवशी पाकिटं गाडीत चढली.

खांडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते. मिक्सर, चक्की, सील मारायचं मशीन, सगळं धुऊन पुसून झेंडूच्या माळा घातल्या होत्या. पूजा दरवर्षी ताई करत. यंदा काजलने करायची असं त्यांनी मनात योजलं होतं. ताट तिच्या हातात द्यायचं आणि तिथेच सांगायचं की मी दसरा झाला की नाशिकला निघते. श्रद्धाला त्यांनी तसं सकाळीच कळवलंही होतं. "खरंच येतेस?" श्रद्धा म्हणाली होती, आणि तिच्या आवाजात लहानपणचं काहीतरी होतं.

ताट उचललं आणि फोन वाजला. डोणगावचे दुकानदार निवृत्तीशेठ.

"ताई, नमस्कार. पूजेच्या दिवशी बोलू नये, पण यंदा पीठ करून राह्यले का मिठागर? आमच्या घरच्या पोराइनं चकल्या खाल्ल्या अन् माठ रिता केला. गिऱ्हाईक पाकिटं वापस आणून राह्यले, ताई. तुमच्या मालाले असं कधी झालं नाही हो."

ताईंनी मनातल्या मनात हिशेब केला. मीठ दुप्पट. म्हणजे आपण टाकल्यावर काजलला आठवलं आणि तिने पुन्हा टाकलं. फोन ठेवता ठेवता त्या वळल्या, आणि इतके दिवस केबिनमध्ये कोंडून ठेवलेलं सगळं बाहेर आलं.

"मीठ टाकायच्या आधी बघायचं तरी, काजल! मी टाकलं होतं त्यात. तू विसरलीस म्हणून मी टाकलं, तुला बोलले नाही, की नको पोरीला वाईट वाटायला. आणि तू वरून पुन्हा ओतलंस? एक लॉट दिला तुझ्या हातात, एक! मी आता कुणाच्या जिवावर जाऊ नाशिकला?"

नव्या साड्या नेसलेल्या बायका काजलकडे बघू लागल्या. काजलचे डोळे फरशीवर.

"चुकलं, ताई," ती म्हणाली.

"चुकलं काय! डोणगावहून पाकिटं परत येताहेत."

"ताई," धम्मरत्न म्हणाला. त्याने आधी घसा साफ केला. "तिचं नाही चुकलं. तिनं मीठ आधीच टाकलं होतं. जुन्या पोत्यात शिल्लक होतं, त्यातलं. ते पोतं म्याच झटकून घडी करून ठेवलं. मंग तुमी नवं फोडलं. मी तीळ घेऊन येऊन राह्यलो होतो, मले दिसलं."

ताईंना ऐकू आलं, पण कळायला वेळ लागला.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस? चकली खाल्लीस ना तू? चांगली आहे म्हणालास!"

"तुमी टाकून राह्यलत्या ना ताई," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "मालकीण मीठ टाकते, तिथं मी कोण सांगणार? चव पाहणं माह्यं काम नाही, हे तुमीच सांगितलं."

ताई काजलकडे वळल्या. "आणि तू? तुला तर माहीत होतं तू टाकलंयस. आता गुन्हा कशाला कबूल करतेस?"

काजलने वर बघितलं. तिला रडू आलेलं नव्हतं. ती खरंच विचारात पडल्यासारखी होती.

"मी गेटावरून पाह्यलं तुमाले. मले वाटलं, माह्यंच कमी पडलं असन. ताईले बरोबर कळलं असन. तुमचा हात कधी चुकत नाही ना. मी टाकलं का नाही, तेच मले पक्कं राह्यलं नाही मंग."

मनकर्णाबाई हळूच म्हणाल्या, "पूजा करून घ्या, बाई. दिवा विझून राह्यला."

ताईंनी ताट पुढे केलं. "तू कर, काजल."

"नोको, ताई. तुमीच करा." ती एक पाऊल मागे सरली. ताईंनी पूजा केली. मिक्सरला हळदकुंकू लावताना त्यांचं बोट घसरलं आणि कुंकू सांडलं.

दसऱ्याला काजल घरी सोनं द्यायला आली. आपट्याचं पान हातावर ठेवून पाया पडली. अनंतरावांनी चहा टाकला. ताईंनी तिला शेजारी बसवून घेतलं आणि म्हणाल्या, "माझं चुकलं बरं का. सगळ्यांसमोर बोलले, तर सगळ्यांसमोर कबूलही करीन." ते त्यांनी केलंही पुढे, दुसऱ्याच दिवशी, टेबलापाशी उभं राहून, निवृत्तीशेठना फोनही स्वतः केला आणि खराब लॉट स्वतः गाडी पाठवून परत आणला.

काजल चहा फुंकत म्हणाली, "तुमचं काही नाही चुकलं, ताई. एक मागू का?"

"माग की."

"मले परत पॅकिंगले टाका."

ताईंना वाटलं, रुसली आहे. त्यांनी समजूत काढली, तुझ्यासारखं नाक कुणाचं नाही म्हणाल्या, अगं माझ्यानंतर तूच आहेस म्हणाल्या. काजल सगळं ऐकून घेत होती, जसं ती नेहमीच ऐकायची.

"रागानं नाही म्हणून राह्यली मी. टेबलावर बरं असते, ताई. पाकीट भरलं का भरलं. झोप लागते. आता मले कढईपाशी उभं राह्यलं तं उडीद करपला का नाही, तेबी कळत नाही. तुमच्याकडं पाहावं वाटते." ती ओशाळून हसली. "पह्यले कळायचं."

अनंतरावांनी कपबशी खाली ठेवली. ते ताईंना काही बोलले नाहीत. इतक्या वर्षांत एकदा तरी बोलले असते तर बरं, असं ताईंच्या मनात आलं. मग आठवलं की बोलले होते, कितीदा तरी.

"दिवाळीपुरतं तरी सांभाळ," शेवटी त्या म्हणाल्या. "श्रद्धासाठी. मग तू म्हणशील तसं."

श्रद्धाचं नाव निघाल्यावर काजल नाही कशी म्हणणार? "बरं," ती म्हणाली.

ताई नाशिकला गेल्या. कळा सुरू झाल्या तेव्हा त्या श्रद्धाच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, आणि बाळ बाहेर आलं तेव्हा दाराशी होत्या. मुलगी झाली. नर्सने ती आधी त्यांच्याच हातात दिली. खोलीत आणल्यावर श्रद्धा उशीला टेकून नुसती बघत राहिली, आईकडे आणि आईच्या हातातल्या लेकीकडे. "बरं झालं आलीस," ती म्हणाली. त्यांनी बाळाच्या मऊ टाळूवर ओठ टेकले.

फोन वाजला. बाळ एका हातावर घेत त्यांनी तो कानाला लावला.

"ताई, मुलगी झाली म्हणते, अनंतराव साहेबाइचा फोन आला होता! पेढे पायजेत आमाले," काजल म्हणाली. मागे बायकांचा गलका होता, मनकर्णाबाई काहीतरी ओरडून आशीर्वाद देत होत्या. मग गलका कमी झाला. "ताई, लॉट लावला आज. भाजणी पडली मिक्सरमंधी. मीठ टाकू?"

"टाक की गं. विचारतेस काय?"

"किती टाकू?"

हे माप काजलला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. ताईंनीच ते तिच्याकडून घोकून घेतलं होतं.

"तुला माहीत आहे, काजल."

"हाव. पण तुमी सांगा."

"मी नाही सांगणार. तू ठरव. थोडं तळून बघ, धम्मरत्नला चाखायला दे. तो सांगेल तसं कर."

"त्याले इचारलं, ताई. तो म्हणते, तुमाले इचार."

फोनमधून मिक्सरची घरघर तेवढी येत होती. त्यांना सगळं दिसत होतं: काजल मापाचं भगुणं धरून उभी, धम्मरत्न बटणापाशी, बायका हात थांबवून वाट बघणाऱ्या. कुणी चिडलेलं नव्हतं, कुणी कामचुकार नव्हतं. दिवस मावळेपर्यंत ती माणसं तशीच उभी राहिली असती. अशी त्यांना त्यांनीच उभी केली होती, एकेकाला, मायेने.

"ताई? हाय ना तुमी?"

त्यांनी माप सांगितलं.

"बरं, ताई," काजल हलक्या झालेल्या आवाजात म्हणाली. "अन् तिखट?"

श्रद्धाने उशीवरून उठून बसत हात पुढे केले. "दे तिला इकडे," ती म्हणाली. "तू बोलून घे."